पहिल्याच पावसाळ्यात तार कंपाउंड झुकलं? ठेकेदाराला फोन करण्याआधी हे तपासा

"मागच्याच वर्षी केलंय हो कंपाउंड, आणि आत्ताच पोल वाकायला लागलेत." जुलै उजाडला की असे फोन सुरू होतात, ते थेट दिवाळीपर्यंत. दौंड, बारामती, इंदापूरकडच्या काळ्या रानातले प्लॉट असोत नाहीतर मुळशी-मावळातली फार्महाउसं, काम कुठल्याही ठेकेदाराने केलेलं असो, बिघाड त्याच चार-पाच जागी सापडतो. यातलं निम्मं तुम्हाला स्वतःला तपासता येतं, तेही फुकटात. आणि तपासून मग ठेकेदाराला बोलावलंत, तर "यंदा पाऊसच जास्त झाला" एवढं बोलून तो तुम्हाला वाटेला लावू शकत नाही.

इथे सांगतोय ते लोखंडी अँगल किंवा सिमेंटच्या पोलवर लावलेल्या चेन-लिंक जाळीबद्दल. पातळ सिमेंटच्या फळ्या सरकवून उभी केलेली रेडिमेड भिंत असेल तर शेवटी "कुठे थांबायचं" हा भाग आधी वाचा.

लक्षणं

आधी कंपाउंडच्या बाहेरून एक फेरी मारा आणि नेमकं काय झालंय ते पाहा. "वाकलंय" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठला पोल, कुठल्या दिशेला, हे महत्त्वाचं.

- कोपऱ्याचा किंवा गेटचा पोल जाळीच्या ओढीकडे कललाय, मधले मात्र सरळ आहेत: ओढ पेलणारा तिरका सपोर्ट नाही किंवा तो नावापुरता आहे.
- एका बाजूची अख्खी ओळच आत किंवा बाहेर झुकलीय: वारा, मातीचा भराव किंवा साचलेलं पाणी.
- मधलाच एखादा पोल हलतोय: गाडीचा धक्का, घुशीचं बीळ, नाहीतर जवळून गेलेली गळकी पाइपलाइन.
- पोल सरळ आहेत पण जाळी झोळीसारखी लोंबतेय: लाइन वायर (जाळी ज्यांना बांधतात त्या आडव्या तारा) आणि बांधणीचा दोष. हा सगळ्यात स्वस्तात सुटणारा प्रकार.
- उन्हाळ्यात पोल खिळखिळे, पावसाळ्यात घट्ट, पण दरवर्षी थोडे वर आलेले: काळी जमीन.
- जमिनीलगत चार बोटं अँगल तांबूस होऊन पापुद्रे सुटतायत: गळ्याचा गंज.
- गेट जमिनीला घासतंय: बहुतेक वेळा गेट ठीक असतं, पोल कललेला असतो.

दोन-तीन लक्षणं एकत्र असतील तर घाबरू नका. बहुधा मूळ एकच असतं आणि बाकीचं त्यातून आलेलं असतं.

१. दोरी आणि ओळंबा

गवंड्याची लाइन दोरी घ्या. ओळीच्या दोन टोकांच्या पोलना, जमिनीपासून साधारण वीतभर उंचीवर ताणून बांधा. मग तशीच दुसरी दोरी वरच्या टोकाला. खालची दोरी सगळ्या पोलना टेकतेय आणि वरची काही पोलपासून सुटलीय, तर ते पोल कललेत. दोन्ही दोऱ्यांपासून पोल सारखाच सुटलेला असेल, तर तो झुकलेला नाही, पहिल्या दिवसापासूनच लाइनीबाहेर लावलेला आहे. असं बरंच सापडतं, आणि मालकाला ते पावसाळ्यात पहिल्यांदा दिसतं, कारण तेव्हाच तो बारकाईने बघायला लागतो.

प्रत्येक पोलवर खडूने नंबर टाका, ओळंबा सोडून वरच्या टोकाला किती फरक पडतोय ते वहीत लिहा, फोटो काढा. महिन्याभराने परत मोजा. आकडा तेवढाच राहिला, तर पोल एकदा हलून बसलाय आणि घाई नाही. वाढत असेल तर खाली काहीतरी चालू आहे. हे एवढं टिपण तुमच्या हातात असलं की ठेकेदाराशी बोलण्याची पातळीच बदलते.

२. कंपाउंडवर काय टांगलंय?

हे इतक्या वेळा पाहिलंय, तरी दरवेळी मालकाला नवल वाटतं. ३ इंची घराची (म्हणजे भोकाची) आणि १० गेजची (हे तारेच्या जाडीचं माप) जाळी साधारण नव्वद टक्के मोकळी असते. वारा तिच्यातून निघून जातो, म्हणून तर हलके पोल तिला पुरतात. पण वर्षभरात आडोसा हवा म्हणून त्याच जाळीला हिरवं शेडनेट बांधलं जातं, नाहीतर गुळवेल किंवा कृष्णकमळ चढवलं जातं, किंवा एखादा जाहिरातीचा फ्लेक्स लावून दिला जातो. ठेकेदाराने जाळीचं कंपाउंड दिलं होतं, तुम्ही त्याचं शीड केलंत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. मे अखेरच्या वळवाच्या एका वावटळीत अख्खी ओळ झुकते ती अशी.

शेडनेट काढा, वेल छाटा, कंपाउंडला टेकवलेला मातीचा किंवा खडीचा ढीग हलवा. पोलला गुरं बांधत असाल तर वेगळा खुंट ठोका. यानंतर महिनाभर आकडा वाढला नाही तर पुढचं काही करायची गरजच नाही. आडोसा हवाच असेल तर तो सुरुवातीलाच ठेकेदाराला सांगायचा, म्हणजे पोल जवळ-जवळ आणि खोल घेता येतात. नंतर बांधलेल्या नेटची जबाबदारी त्याच्यावर ढकलणं बरोबर नाही.

३. बांधणी आणि लाइन वायर

जाळी स्वतःच्या बळावर उभी राहत नाही. वर, मध्ये आणि खाली अशा तीन जाड तारा आडव्या ताणायच्या आणि जाळी त्यांना बांधायची. पैसे वाचवायला मधली तार गाळली जाते, कधी खालचीही. खालची नसली की कुत्री आणि डुकरं जाळी वर ढकलून आत येतात आणि दोष मात्र जाळीला लागतो.

बांधणी कशाने केलीय ते हातात धरून बघा. सळई बांधायची काळी बाइंडिंग वायर वापरली असेल तर पहिल्या पावसाळ्यात ती गंजते आणि दुसऱ्यात बोटाने तुटते. तिथे जस्त चढवलेली तारच हवी. ही बदलायला पक्कड आणि एक सकाळ पुरते, ठेकेदाराची वाट बघत बसू नका.

लाइन वायर सैल असेल आणि टोकाला टर्नबकल किंवा आय-बोल्ट (तार फिरवून ताणायचे स्क्रू) असेल, तर पान्याने थोडं-थोडं ताणा. मात्र त्याआधी कोपऱ्याचा पोल हलवून बघा. तो सैल असताना वायर ताणली तर जाळी सरळ होण्याऐवजी पोलच आत येतो, आणि पाचशे रुपयांचं काम पाच हजारांवर जातं.

४. पोल हलवून बघा

छातीच्या उंचीवर पोल दोन्ही हातांनी धरा आणि झटका न देता पुढे-मागे रेटा. नजर वर नको, बुडाशी ठेवा.

बुडाशी काँक्रीट आणि माती यांच्यामध्ये फट उघडते-मिटते, तर पाया सैल. काँक्रीट जागचं हलत नाही पण काँक्रीट आणि अँगल यांच्यामध्ये खेळ आहे, तर माल कमी दर्जाचा होता, किंवा ओला असतानाच पोल हलवला गेला. बुड घट्ट आहे आणि अँगलच वेतासारखा लवतोय, तर अँगल बारीक आहे. या तिघांचे उपाय वेगवेगळे आहेत आणि खर्चही, म्हणून ही तपासणी वगळू नका. तिसऱ्या प्रकारात पायावर कितीही काँक्रीट ओतलं तरी काही फरक पडणार नाही.

सिमेंटचे पोल असतील तर उभी चीर आहे का पाहा. चिरेतून तांबूस डाग आला असेल तर आतली सळई गंजून फुगलीय. वरून प्लास्टर लिंपून ते थांबत नाही, तो पोल बदलावा लागतो.

५. पाणी कुठे थांबतं

पाऊस पडून गेल्यावर तासाभराने छत्री घेऊन फेरी मारा. पोलच्या बुडाशी डबकं दिसतंय का? पत्र्याच्या पन्हाळीचं पाणी कंपाउंडवरच पडतंय का? शेजारच्या शेताचा पाट तिथून वळवलाय का? ओली माती पोलला धरून ठेवत नाही, आणि डबकं असलेल्या जागी गळ्याचा गंजही लवकर येतो. कुदळीने एक चर काढून पाणी वळवणं हे या अख्ख्या यादीतलं सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं काम आहे.

काँक्रीटचं तोंड जमिनीपेक्षा दोन-तीन बोटं वर आणि पोलपासून बाहेर उतरतं असायला हवं. ते खाली राहिलं असेल तर वर वाटी तयार होते आणि पाणी नेमकं अँगलच्या गळ्याशी साठतं. तिथे गंज खरवडा, जस्ताचा प्रायमर लावा, मग माल भरून उतार द्या. खरवडताना स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला तर रंगाचा खर्च करू नका, त्या पोलला शेजारी नवा अँगल जोडावा लागेल. अलिबाग-मुरूडकडे खाऱ्या हवेत हे दर पावसाळ्याआधी बघायचंच.

६. कोपऱ्यांचे सपोर्ट

मधल्या पोलला जाळी दोन्ही बाजूंनी सारखी ओढते, त्यामुळे त्याच्यावर फारसा ताण येत नाही. कोपऱ्याच्या, शेवटच्या आणि गेटच्या पोलला मात्र एकाच अंगाने ओढ बसते. त्याला तिरका सपोर्ट नसेल तर तो कलणारच, आज नाहीतर उद्या. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत तार कुंपणाच्या कामाचं वर्णनच असं आहे: दर पंधरावा पोल, शेवटून दुसरा पोल आणि कोपऱ्याचा पोल यांना दोन्ही बाजूंनी सपोर्ट, आणि शेवटच्या पोलला एका बाजूने. खासगी कामात हे जवळजवळ कुणी पाळत नाही. मी स्वतः तर दर दहाव्या पोलला सपोर्ट घेतो, आणि जमीन वळते तिथे प्रत्येक वळणावर.

सपोर्ट आहे पण पोल तरी कललाय, असं असेल तर सपोर्टचं खालचं टोक उकरून पाहा. बऱ्याचदा ते नुसतं मातीत खुपसलेलं असतं. सपोर्टलाही स्वतःचा काँक्रीटचा ठोकळा लागतो, नाहीतर तो पोलबरोबर सरकत जातो. वरचं टोक पोलच्या दोन-तृतीयांश उंचीच्या आसपास जोडलेलं हवं. मध्यावर किंवा त्याखाली जोडलेला सपोर्ट दिसायला असतो, उपयोगाला नसतो.

सपोर्ट नंतर बसवता येतात. पोल आधी रॅचेटने (खटक्याने ताणायच्या पट्ट्याने) किंवा चेन पुलीने ओळंब्यात आणायचा, तसाच बांधून ठेवायचा, मग सपोर्ट लावून ठोकळा भरायचा आणि आठवडाभर रॅचेट सोडायचं नाही. जाळी मात्र त्याआधी सैल करून घ्या.

७. माल मोजा

कोटेशन शोधून काढा. त्यात "१० गेज जाळी, ४० बाय ४० बाय ५ अँगल" असं काही लिहिलेलं असेल. अँगलची मापं मिलिमीटरमध्ये असतात, शेवटचा आकडा जाडीचा. (काहीच लिहिलेलं नसेल, नुसताच "रनिंग फुटाला इतके" असा एक आकडा असेल, तर हे कलम सोडा आणि शेवटचा भाग नीट वाचा.)

गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. ८ गेज म्हणजे साधारण ४ मिलिमीटर, १० गेज सव्वातीन, १२ गेज २.६ आणि १४ गेज २ मिलिमीटर. हार्डवेअरच्या दुकानात व्हर्नियर असतो, जाळीचा एक तुकडा घेऊन जा. १० सांगून १२ लावलेली जाळी डोळ्यांना कळत नाही, पण तारेचा छेद जवळपास एक-तृतीयांशाने घटलेला असतो. प्लास्टिक चढवलेल्या हिरव्या जाळीत तर आतली तार उघडी करूनच मोजा, कारण वरचं आवरण धरून गेज सांगायची पद्धत पडलीय.

अँगलची जाडी वजनातून पकडायची. ४० बाय ४० बाय ५ चा अँगल मीटरला ३ किलो भरतो, ५० बाय ५० बाय ६ चा साडेचार किलो. म्हणजे ८ फुटी पोल पहिल्या प्रकारात सव्वासात किलोच्या आसपास यायला हवा. उरलेला एखादा पोल शेडमध्ये पडला असेल तर भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघा.

८. एक पोल उकरा

इथपर्यंत कारण सापडलं नाही तर ते जमिनीखाली आहे. सगळ्यात वाकलेला पोल निवडू नका, मध्यम हलणारा निवडा, म्हणजे सरासरी काय आहे ते कळतं. पाऊस थांबलेला असू द्या. पोलला तीन बाजूंनी दोऱ्यांनी आधार द्या आणि एकाच बाजूने पहारीने हळूहळू उकरत जा.

काय दिसतं ते सांगतो. वर घमेलंभर काँक्रीट, ताटाएवढं पसरलेलं, घोटून गुळगुळीत केलेलं. त्याच्याखाली वीतभर उतरलात की काँक्रीट संपतं आणि अँगल उघडा पडतो, भोवती सैल माती आणि दगडाचे तुकडे, कधी सिमेंटची रिकामी गोणीसुद्धा कोंबलेली. टेप लावलात तर खड्डा सव्वा फूट. सांगितलेले असतात दोन.

हे का होतं ते समजून घ्या, कारण नवा ठेकेदार ठरवताना हेच कामाला येतं. ज्याच्याशी तुम्ही बोलता तो खड्डे घेत नाही. तो मजुरांची टोळी लावतो आणि त्यांना खड्ड्यामागे ठरलेले पैसे देतो. मऊ मातीत दोन फूट पटकन होतात. कडक मुरूम किंवा जांभा लागला की पहार उसळायला लागते, ऊन वर येतं, आणि सव्वा फुटावर खड्डा "झाला". त्या माणसांना मी दोष देत नाही. कडक खड्ड्याला जास्त पैसे मिळत नसतील तर त्यांनी दिवसभर एकाच खड्ड्यात का राबावं? हा हिशेब ठेकेदाराने आधी धरायचा असतो, आणि तुम्ही त्याला तो धरायला लावायचा असतो.

साधारण जमिनीत पाच फुटी कंपाउंडला दोन फूट खोली लागतेच. अखंड कातळ लागला तर ब्रेकरने फूटभर भोक पाडून घट्ट ग्राउट (सिमेंटचा माल) भरलं तरी चालतं. मात्र कातळावर नुसता काँक्रीटचा ढीग घालून त्यात पोल उभा केलेला चालत नाही.

काळ्या जमिनीचं वेगळं

इथे थोडा वेळ देतो, कारण सगळ्यात चुकीचे उपाय इथेच होतात. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या या मातीत पाणी पिऊन फुगणारी चिकणमाती भरपूर असते. पावसाळ्यात ती फुगून काँक्रीटला सगळीकडून आवळते आणि वर उचलते, उन्हाळ्यात आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. काँक्रीट वर छत्रीसारखं पसरलेलं असेल तर फुगणाऱ्या मातीला खालून ढकलायला ते आयतंच सापडतं. दर पावसाळ्यात पोल थोडा वर, आणि उन्हाळ्यात परत खाली बसताना थोडा तिरका.

मे महिन्यात पोलभोवती भेग दिसली की तिच्यात सिमेंटचं पातळ पाणी ओतायचा सल्ला हमखास मिळतो. तो मानू नका. ती भेग म्हणजे मातीला पावसाळ्यात फुगायला असलेली जागा आहे. ती सिमेंटने बंद केलीत तर जुलैत माती जास्त जोराने ढकलते.

करायचं ते असं. खड्डा तीन फूट, वर अरुंद आणि तळाशी रुंद. काँक्रीट वरच्या भागात सरळ, छत्री नाही. भोवतालची वीतभर काळी माती काढून तिथे मुरूम, थराथराने पाणी मारून धुम्मसाने चोपलेला. रुरकीच्या केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगीर असलेले पाइल (जमिनीत खोल जाणारे पायाचे खांब) विकसित केले, इमारतींसाठी ते आजही वापरतात. तत्त्व तेच, खाली रुंद बुड अडकलं की माती पोलला सहज वर काढू शकत नाही. तरीही काळ्या रानातलं कंपाउंड वर्षानुवर्षं ओळंब्यात राहील असं वचन कुणी देत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. थोडं हलणार, आणि दोन-तीन वर्षांनी एकदा लाइन वायर परत ताणावी लागणार. हे जो आधीच सांगतो तो ठेकेदार चांगला.

९. पोल परत बसवणं

दोन-चार पोलचाच प्रश्न असेल तर हे घरच्या घरी एखादा गवंडी घेऊन होतं. जाळी त्या भागापुरती सोडा, पोल जुन्या ठोकळ्यासकट काढा, खड्डा खोल करा. माल १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी), पाणी कमी. पोल ओळंब्यात बांधून ठेवा. मग सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी आणि जाळीला हात लावायचा नाही. पहिल्या वेळी काम बिघडलं त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं: आज पोल भरले, परवा जाळी ताणली, कारण टोळीला दुसऱ्या साइटवर जायचं होतं. कच्च्या काँक्रीटमध्ये पोल केसभर सरकतो, आणि तो केसभर कायमचा राहतो.

कुठे थांबायचं

पुढच्या गोष्टींत स्वतः हात घालू नका, आणि कंपाउंडच्या ठेकेदारालाही घालू देऊ नका.

हद्दीचा वाद. पोल परत बसवताना शेजारी "आमच्यात अर्धा फूट आलाय" म्हणाला की काम तिथेच थांबवा. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. ठेकेदाराने दोरी टाकून दाखवलेली हद्द कुठेही टिकत नाही. मोजणीच्या खुणा असतील तर त्या उपटायच्या नाहीत, अगदी खड्ड्याच्या आड आल्या तरी. कंपाउंडमुळे कुणाची वहिवाटीची वाट अडत असेल तर प्रकरण तहसीलदारांकडे जातं, तेव्हा ते आधीच बोलून मिटवा.

वीज. खोदताना केबल किंवा लाल रंगाची पट्टी दिसली की पहार बाजूला ठेवा आणि महावितरणच्या माणसाला बोलवा. आणि डुकरं येतात म्हणून कंपाउंडला घरातल्या मीटरमधून करंट सोडायचा विचारसुद्धा करू नका. तो गुन्हा आहे आणि त्यात माणसं मेलेली आहेत. पिकासाठी झटका यंत्र लावायचं असेल तर ते प्रमाणित हवं, चेन-लिंक जाळीपासून वेगळ्या तारांवर, इन्सुलेटरवर आणि जाणकाराकडून बसवलेलं.

भिंतीवरचं किंवा उतारावरचं कंपाउंड. पोल दगडी ताली किंवा भरावाच्या भिंतीच्या माथ्यावर असतील आणि भिंतीसकट कलत असतील, तर कंपाउंडला काही झालेलं नाही, भिंत चाललीय. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा, आणि तोवर खालच्या बाजूला कुणाला बसू-खेळू देऊ नका. रेडिमेड फळ्यांची भिंत दोन इंचांपेक्षा जास्त कलली असेल तरी हेच. त्या फळ्या जड असतात आणि सुटल्या की एकदम येतात.

पाव किंवा त्याहून जास्त पोल बुडातून सैल असतील, तरही सुटी-सुटी दुरुस्ती थांबवा. तेवढ्या मजुरीत ती बाजू नव्याने होते.

ठेकेदाराशी बोलताना

जुन्याच ठेकेदाराला बोलवायचं असेल तर आवाज चढवू नका. टिपण, फोटो आणि उकरलेला खड्डा त्याच्यासमोर ठेवा. गावातला माणूस असतो, त्याला पुढची कामं हवी असतात. खड्डा दाखवल्यावर बहुतेक जण मजुरी स्वतः घालून काम करून देतात, माल तुम्ही दिलात तर लवकर. अजिबात ऐकलं नाही आणि तुमच्याकडे बिल असेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जा. पाच लाखांपर्यंतच्या कामाला तिथे फी लागत नाही. बिलाशिवाय रोखीने काम केलेल्यांना हा मार्ग अवघड जातो, म्हणून बिल घ्याच.

नवा ठरवत असाल तर त्याने दोन पावसाळे आधी केलेलं काम बघायला जा, नवं कोरं नको. तिथल्या कोपऱ्याचा पोल हलवून बघा. कोटेशनमध्ये एवढं लेखी घ्या: जाळीचा गेज, घराचं माप आणि जस्ताचं काम, अँगलचं माप जाडीसकट, दोन पोलमधलं अंतर, खड्ड्याची खोली, कडक जमीन लागली तर खड्ड्यामागे वाढीव दर, सपोर्ट किती आणि कुठे, लाइन वायर तीन, बांधणी जस्ताच्या तारेने, काँक्रीट भरल्यावर जाळी किती दिवसांनी.

पैसे टप्प्याने द्या. माल साइटवर उतरल्यावर पहिला हप्ता, पोल भरून झाल्यावर दुसरा, जाळी झाल्यावर तिसरा. दहा टक्के पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवायचं आधीच ठरवा. चांगला माणूस याला नाही म्हणत नाही, फक्त दर थोडा वर सांगेल. तो द्यावा.

आणि खड्डे भरण्याच्या दिवशी साइटवर हजर राहा. बाकीचे दिवस नसलात तरी चालेल. एका काठीवर दोन फुटांची (काळ्या रानात तीन फुटांची) खूण करा आणि प्रत्येक खड्ड्यात ती सोडून बघा, मगच "भरा" म्हणा. पुण्या-मुंबईत राहून गावाकडे कंपाउंड करून घेणाऱ्यांनी हे काम भावाला, भाच्याला, कुणाला तरी सांगावं, पण ज्याला सांगाल त्याने काठी स्वतः सोडली पाहिजे. फोटोवरून खोली कळत नाही.

पोल परत बसवायचे असतील तर काळ्या रानात डिसेंबर-जानेवारी धरा. माती तेव्हा फुगलेलीही नसते आणि फाटलेलीही नसते, खड्डा सरळ उतरतो. ठेकेदाराला दिवाळी झाली की लगेच सांगून ठेवा, मार्चनंतर चांगल्या टोळ्या मोकळ्या सापडत नाहीत.